मागच्या दारचा कंडेन्सर

५ एप्रिल

एसटीच्या डेपोत कंट्रोलर म्हणून बत्तीस वर्षं गाड्यांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवली. घरच्या माणसांची कधी ठेवली नाही. ती आज सुरू करावी लागते आहे.

रसिकाचा दोह्याहून फोन आला. अकरा मेला ती, जावई जितेंद्र आणि नात आकांक्षा येणार, बारा दिवसांसाठी. मी विचारलं, मोपाच्या विमानतळावर गाडी किती वाजता पाठवू? ती म्हणाली, "बाबा, आमी तारकर्लीक हॉटेल बघलाव. एसी आसा. दिवसाचे मसुऱ्याक येव आणि निजाक थंय जाव."

मी "बरं" म्हणालो आणि फोन मथुरेकडे दिला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण आमच्या हिला फोनवर बोलताना मी कधी इतकं गप्प पाहिलं नव्हतं.

मागे चार वर्षांपूर्वी ते मे महिन्यातच आले होते. आकांक्षा सव्वा वर्षाची होती, तिला घामोळं उठलं आणि तिसऱ्या दिवशी सगळे हॉटेलात गेले. उकाडाच कारण, दुसरं काय असणार? व्यवस्थेत कमतरता नव्हती. न्हाणीघराच्या दारावर मी स्वतः तक्ता लावला होता : जितेंद्र ६.१०, रसिका ६.२५, बाळ ६.४०. जेवण १२.१५. कोणाला कशाची वाट बघत बसावं लागू नये, एवढाच हेतू.

मला राग आलेला नाही.

आला आहे. हे घर काय तिने हॉटेलात निजावं म्हणून बांधलं?

८ एप्रिल

निर्णय झाला. घर गार करायचं. एक खोली नव्हे, तिन्ही. कुडाळच्या एका कंत्राटदाराशी बोललो. त्याने सांगितलं ते असं : घराबाहेर एक मोठं यंत्र बसतं, त्याला कंडेन्सर म्हणतात. तिथून तांब्याच्या नळ्या आत येतात आणि छताखाली पत्र्याच्या बोगद्यातून गार हवा सगळ्या खोल्यांत फिरते. याला सेंट्रल एसी म्हणतात. मसुऱ्यात अजून कोणाकडे नाही. मी दोनदा विचारून खात्री केली.

मथुरा म्हणाली, "स्लॅबार माडाची झापां घातलास तरी गार होता."

तिला सांगितलं, झावळ्या अंथरणं हे शास्त्र नव्हे.

११ एप्रिल

कंत्राटदाराने 'संचित' नावाचा माणूस जागा बघायला पाठवतो म्हणून फोनवर सांगितलं होतं. नियोजित आगमन ९.००. प्रत्यक्षात ११.२०. विलंब दोन तास वीस मिनिटे. मोटारसायकल दारात थांबली, हेल्मेट निघालं आणि आतून वेणी बाहेर आली. मी म्हणालो, "संचित कुठे आहे?"

"संचिता," ती म्हणाली. "फोनार शेवटचो कानो रेंजात जाता, काकानू. शिडी आसा?"

तीस-बत्तीस वर्षांची, कुडाळचीच. दहा वर्षं हेच काम करते. शिडीवर चढली, माळ्यात डोकं घातलं आणि आतूनच विचारलं, "काकानू, हंय कोणी नारळ ठेवलेत?" पंचवीस निघाले. मथुरेने ठेवलेले. मला माहीत नव्हतं.

१४ एप्रिल

कंडेन्सर कुठे बसवायचा यावर आज पूर्ण दिवस गेला. पुढच्या दारी तुळस. उत्तरेला विहीर. पश्चिमेला ऊन रखरखीत. संचिता घराभोवती तीन फेऱ्या मारून मागच्या दारी थांबली.

"हंय. सावली आसा, वारो आसा. गडगो सहा फुटांवर. बेस."

"आणि गरम हवा कुठे जाणार?"

"समोर. गडग्यावरसून तेंच्या खळ्यात."

मधल्या दगडी गडग्यापलीकडचं खळं, म्हणजे अंगण, शेजारी बाळा याचं. बाळाशी मी नऊ वर्षं बोललेलो नाही. त्याच्या झाडावरचा फणस माझ्या उभ्या स्कूटरवर पडला, सीट फाटली, आरसा गेला, आणि हा गृहस्थ गडग्यावरून वाकून म्हणतो, "माझो फणस द्या." स्कूटरबद्दल एक अक्षर नाही. फणसाची मथुरेने तोवर भाजी केलेली होती हा भाग वेगळा.

तांत्रिक कारणास्तव मी मागच्या दाराला संमती दिली.

१८ एप्रिल

यंत्राखालचा सिमेंटचा चौथरा आज घातला. मथुरा म्हणाली, जमिनीत पहार मारण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायला हवं. आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान बाळाच्या घराकडे आहे. त्याला बोलावणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, मीच घालतो. बत्तीस वर्षं माइकवर बोललो आहे.

नारळ, विडा ठेवला आणि सुरुवात केली : "बा देवा रवळनाथा, बारा शिवेच्या महाराजा. मसुरे येथे सेवानिवृत्त कंट्रोलर दाजी यांच्या निवासस्थानी, मागच्या दारी, कंडेन्सर बसवण्यात येत आहे—"

कोणी हूं की चूं नाही. संचिता पान्ह्याकडे बघत होती. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, पण मथुरा पदर तोंडाला लावून उभी. मी रेटून पुढे म्हणालो, "तरी या कामात कोणी आडवा येत असल्यास, त्याला बाजूला कर रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गडग्यापलीकडून खणखणीत आवाज आला.

मग कोणीतरी खोकलं. मग बादली आपटली.

या आवाजाची अधिकृत नोंद मी घेत नाही.

२४ एप्रिल

यंत्र टेम्पोतून आलं. माझ्या छातीइतकं उंच, पांढरं, समोर जाळी आणि जाळीमागे पंखा. चार जणांनी उचलून चौथऱ्यावर ठेवलं. खाली रबराचे ठोकळे. संचिताने नळ्या जोडल्या, गळती तपासली, दोन तास नुसती हवा उपसली. मी खुर्ची टाकून समोर बसलो होतो.

दुपारी तीन वाजता बटण दाबलं. पंखा फिरला, आत झरोक्यातून गार झुळूक आली. मी "आली!" असं ओरडलो, ते ओरडायला नको होतं. दोन मिनिटांनी स्वयंपाकघरातला दिवा पिवळा पडला आणि यंत्र बंद.

संचिताने मीटर लावून बघितलं. "एकशे पासष्ट व्होल्ट. हेच्यार ह्यां चलाचा नाय, काकानू. बाजूक कोणाचो पंप चालू आसा काय?"

बाळाचा. तो गडग्यापलीकडे, दहा फुटांवर, माडांना पाणी लावत उभा होता.

मी संचिताला म्हणालो, "त्यांना विचार, पंप किती वाजेपर्यंत चालतो."

"काकानू, ते हंयच आसत."

"विचार."

"माका ऐकाक येता," बाळा माडाकडे बघून म्हणाला. "तेंका सांग, पंप माझो, माड माझे. तेंच्या थंडाईसाठी मी माझे माड मारूचे?"

"त्यांना सांग, माझी मुलगी चार वर्षांनी घरी येते आहे."

संचिताने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बाळाने पाण्याची नळी एका आळ्यातून उचलली आणि परत त्याच आळ्यात ठेवली.

तेवढ्यात त्याची बायको सावित्री पुढे आली. तिच्या खळ्यात चटईवर सोलं, म्हणजे आमसुलं, घातलेली. चार दिवस आभाळ भरलेलं आहे, रातांब्याची सालं आगळात, म्हणजे त्यांच्याच खारवलेल्या रसात, बुडवून वाळत घालायची तर ऊनच नाही, त्यामुळे वाडीतल्या सगळ्याच बायका त्रासल्या आहेत. यंत्र चाललं ती दोन मिनिटं सावित्रीवहिनी गडग्याशीच उभ्या होत्या. हाताचा पंजा हवेत धरून. मग त्यांनी एक सोल उचललं, दाबून बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पंप सकाळी लावा."

"गो, पण माडांका—"

"सकाळी म्हटलंय मां!"

सावित्रीवहिनी पूर्वीपासून समंजस. पंप सकाळी सहा ते दहा, नंतर यंत्र, असं ठरलं. मी लगेच फळ्यावर वेळापत्रक लिहून गडग्याला टांगलं. बाळाने ते दुरून वाचलं. मग घड्याळ घालायला आत गेला.

२६ एप्रिल

यंत्र व्यवस्थित चालू. चोवीस अंश. मी दिवाणखान्यात बसून वर्तमानपत्र वाचलं आणि एकदाही पंच्याने मान पुसली नाही. हे सुख बत्तीस वर्षांपूर्वी मिळालं असतं तर मी कदाचित गोड स्वभावाचा माणूस झालो असतो.

२८ एप्रिल

मथुरेत झालेला बदल नोंदवण्यासारखा आहे. आधी झापां घाला म्हणणारी बाई आज खांद्यावर शाल घेऊन आत आली आणि म्हणाली, "वो, वायच कमी करा. गरम होता."

"चोवीस आहे."

"बावीस करा."

केले. ती लगेच मागच्या दारी गेली. चोवीसवर खोली गार झाली की यंत्र मध्येच थांबतं. थांबलं की मथुरा दोन मिनिटांत आत हजर. तिला गारव्याची इतकी ओढ लागेल असं वाटलं नव्हतं. आत मात्र ती पाच मिनिटंसुद्धा बसत नाही. अंश कमी करवून घेते आणि कामाला जाते. कष्टाळू आहे.

३० एप्रिल

वीस.

१ मे

वाडीतल्या सात बायका यंत्र बघायला आल्या. कौतुक वाटलं. प्रत्येकीच्या हातात सूप होतं, बहुधा रिकाम्या हाताने येऊ नये म्हणून. मी पुढच्या दारी उभा राहून यंत्राची माहिती द्यायची तयारी केली होती, पण त्या परस्पर मागे गेल्या.

मागे जाऊन बघतो तर गडग्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुपंच सुपं. सोलं, आंब्याची साठं, एका सुपात कसलेसे पापड. मी मथुरेला बाजूला घेऊन शांतपणे समजावलं की हे यंत्र घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतं, त्यामुळे समोर गरम हवेचा झोत असतो, तिथे ओला पदार्थ ठेवला तर पार वाळून जाईल.

"अगो बाये," मथुरा म्हणाली. "व्हय काय?"

बिचारीला माहीतच नव्हतं.

२ मे

आणखी चार सुपं. समजावण्यात मी कुठे कमी पडतो आहे ते कळत नाही. तापमान अठरा.

४ मे

बाळा गडग्यावर कोपर टेकून यंत्राकडे बघत होता. मी खिडकीतून बघत होतो. गरम हवेबद्दल तक्रार करणार असं धरून मी उत्तराचा मसुदाही केला होता : (१) जागा माझी, (२) हवा कोणाच्याच मालकीची नसते, (३) स्कूटर. पण त्याने फक्त एक सूप सरळ केलं आणि गेला.

मसुदा जपून ठेवला आहे.

७ मे

संचिता तपासणीला आली. विलंब फक्त पंधरा मिनिटे. आकडा बघून म्हणाली, "काकानू, अठरार कित्या ठेवल्यात? यंत्राक वायच दम खावक दिया!"

"मथुरेला सोसत नाही."

ती मागच्या दारी गेली. चाळीस मिनिटं आली नाही. मागे हसण्याचे आवाज येत होते. आली तेव्हा हातात एक पिशवी होती, ओठ लाल झालेले. म्हणाली, "चलांदे. समोर ठेवलास तर चलात, मागच्या बाजून हवा ओढता थंय मात्र काय नको. आणि मीठ जाळीक लागूक देव नको."

मीठ कशाला लागेल? पण सूचना लिहून ठेवली. तज्ज्ञ आहे.

मी अलीकडे दुपारी आत बसताना लोकरीचे मोजे घालतो. एकदा सोसण्याची सवय झाली की काही वाटणार नाही.

१० मे

उद्या येणार. नवीन तक्ता केला, या वेळी रंगीत स्केचपेनने. आंघोळ, चहा, नाश्ता, समुद्र, जेवण, विश्रांती (वातानुकूलित), चहा. आकांक्षेसाठी वेगळा रंग. लावायला चिकटपट्टी शोधत होतो तोवर मथुरेने तो सोलांखाली अंथरला. कागद कमी पडला म्हणे. मी म्हणालो, अगं, त्यावर सगळं लिहिलं होतं. ती म्हणाली, "तेंका वाचूक येता, पण तेंका वाचूचा नाय." याचा अर्थ लागला नाही. आगळ लागून शाई फुटली.

पुन्हा करायला वेळ नाही.

११ मे

नियोजित आगमन १४.००, प्रत्यक्षात १४.५०. रसिका थोडी जाड झाली आहे, चांगली दिसते. दारात पाऊल टाकलं आणि तिने दोन्ही हात छातीशी घेतले.

"बाबा! ह्यां काय! घराचो फ्रीज केलात!"

इतकी शाबासकी मला डेपोतल्या कोणत्याही साहेबाने दिलेली नाही. जितेंद्रने बॅगेतून विमानातला कोट काढून घातला. त्यालाही आवडलेलं दिसलं. आकांक्षा मराठी बोलते, फक्त 'ळ' येत नाही. ती सगळ्या खोल्यांतून धावली, मागच्या दारातून बाहेर गेली आणि परत आलीच नाही. तिला बघायला रसिका गेली. तिला बोलवायला जितेंद्र गेला.

मी चहाच्या वेळेपर्यंत आत वाट बघितली.

सहा वाजता हॉटेलची गाडी दारात येऊन उभी राहिली. रसिका मागून धावत आली. केस विस्कटलेले, कपाळावर घाम, हात कोपरापर्यंत लाल. गाडीवाल्याला म्हणाली, "आज नको. उद्या जाव."

मी मथुरेकडे बघितलं. अठरा अंशांची किमया.

१३ मे

हॉटेल रद्द केलं. रसिकाने फोन केला तेव्हा मी शेजारीच उभा होतो, कानावर विश्वास बसत नव्हता म्हणून.

गारव्याचा लाभ मात्र कोणी पुरेसा घेत नाही. सगळे दिवसभर मागच्या दारी. काल जितेंद्र बनियनवर, हातात कोयता, आणि बाळा त्याला शहाळं कसं तासायचं ते शिकवत होता. पाचव्या शहाळ्याला जमलं. दोघांनी टाळी दिली. आकांक्षा सावित्रीवहिनींना 'आजी' म्हणते. गडग्यावर बसते, एक पाय आमच्याकडे, एक पाय त्यांच्याकडे, आणि सोलं उलटते. घामाने नुसती निथळत असते. रसिका तिला काही म्हणत नाही.

मी एकदा सुचवलं की एवढ्या उकाड्यात पोरीला बाहेर ठेवू नये. रसिका म्हणाली, "बाबा, ऱ्हवांदे तेका. मागच्या वेळाक पाच मिनटां पण निवांत बसाक गावली नाय हंय."

आमचं घर निवांतच आहे. तिला काय म्हणायचं होतं त्याचा मी संध्याकाळपर्यंत विचार केला. थोडं लक्षात आल्यासारखं वाटलं, मग गेलं.

१६ मे

आज दुपारी मी आत एकटा होतो. तिन्ही खोल्या गार, झरोक्यांतून हवा येत होती, खुर्च्या रिकाम्या. मागच्या दारी हसणं चालू होतं. मथुरा काहीतरी सांगत होती आणि रसिका लहानपणी हसायची तशी हसत होती, श्वास लागेपर्यंत. मला वाटलं, आत कोणी नसताना यंत्र कशाला राबवायचं? कोणासाठी?

उठलो आणि बंद केलं.

मागे पंखा थांबला. पाठोपाठ हसणंही थांबलं. आणि मग एकदम, जणू गाडी सुटताना दहा प्रवासी मागे राहिले असावेत तसा, गडग्याच्या दोन्ही बाजूंनी ओरडा झाला. बंद कित्या झाला? कोणी केल्यान? गो, सोलां आंबतली! त्या सगळ्यांच्या वर एक आवाज, नऊ वर्षं मला उद्देशून न निघालेला :

"कंट्रोलरानू! चालू करा! कंट्रोलरानूंऽऽ!"

बाळा. सरळ मला. मधे संचिता नाही, माड नाही.

उत्तराचा मसुदा दुसऱ्या खोलीत होता. मी खिडकी उघडून म्हणालो, "करतो. एक मिनिट." आणि केलं.

पंखा फिरला तसं सगळ्यांनी हुश्श केलं. मग रसिका आत आली. मी कानटोपी आणि स्वेटर घालून खुर्चीवर बसलो होतो. ती दारातच थांबली. हसेल असं वाटलं, पण हसली नाही.

"बाबा, तुमी हंय एकटेच बसतास?"

"यंत्राकडे लक्ष ठेवावं लागतं."

"ता काय पळान जाता?" तिने माझी कानटोपी काढली. स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, लहान मुलाचा काढतात तसा, आणि मला हाताला धरून मागच्या दारी नेलं.

गडग्याशी एक पाट रिकामा होता. त्यावर बसवलं. यंत्राचा झोत सरळ तोंडावर. सावित्रीवहिनींनी एक सूप मांडीवर दिलं आणि सोलं कशी उलटायची ते दाखवलं, लगदा राहिलेली आतली बाजू वर यायला हवी. बाळा पलीकडून वाकून म्हणाला, "तसां नाय, कंट्रोलरानू. चिमटीन." मी चिमटीने केलं. आकांक्षा म्हणाली, आजोबांना येतं. पहिल्या दहा मिनिटांत सदरा पाठीला चिकटला.

कोणी घड्याळ बघत नव्हतं. चहा कधी आला माहीत नाही. बाळाकडून आला की आमच्याकडून, तेही नाही.

रसिका शेजारी येऊन बसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. तिने विचारलं, "बाबा, गरम होता काय तुमका?"

मी म्हणालो, नाही.

होत होतं. पण उठलो नाही.